आधी नाक, मग रस्ता

सप्टेंबर उजाडला की बहरीनच्या जुफैरमधल्या आमच्या फ्लॅटच्या काचा बाहेरून घामाघूम होतात. आत एसी, बाहेर समुद्राची वाफ. काचेवरून ओघळ उतरत राहतात, समोरचा टॉवर पुसट होतो आणि खाली रस्त्यावर टॅक्सी उभी आहे की ट्रक, तेही धड कळत नाही. इथली मुंबईकर मंडळी मोठ्या ऐटीत सांगतात, आम्हाला काय, सवय आहे. सवय कसली डोंबलाची. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्मा आंधळा होतो. पूर्वी मी या हवेला नुसती वैतागायचे. आता काचेवर पहिला ओघळ दिसला की मी मनात बोटं मोजते. याच दिवसांत, माझी लेक रेवा पहिलीत असताना, आम्ही सायप्रसला गेलो होतो आणि तिथल्या एका बाईने मला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. गेल्या सप्टेंबरपर्यंत त्यातल्या दोन खऱ्या झाल्या होत्या.

आई तेव्हा आमच्याकडे नवीनच राहायला आली होती. बाबा गेल्यावर देवरूखच्या घराला कुलूप घालून मी तिला बहरीनला आणलं. व्हिसाची सगळी धावपळ सतीशने, माझ्या नवऱ्याने केली. हा पुण्याचा, सित्र्याच्या कारखान्यात इंजिनिअर, कागदपत्रांच्या बाबतीत एकदम पक्का. आईला इथे करमेल का, एवढीच चिंता होती. पण ती रुळली. इमारतीखालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, ती एकटी जाऊन कोथिंबीर आणू लागली. दुकानदार केरळचा, हिला मराठीशिवाय काही येत नाही, तरी दोघांचं छान जमायचं. ‘यल्ला अम्मा’, म्हणजे ‘चला अम्मा’, म्हणून तो पिशवी हातात द्यायचा आणि ही त्याला ‘येते हो’ म्हणून निघायची.

माझ्या आईचं नाक आमच्या सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध होतं. आढीतला आंबा आज खायचा की परवा, हे ती माजघराच्या दारातून सांगायची. दूध नासणार असेल तर ते नासायच्या आधी तिला कळायचं. लहानपणी मी कुणाकडे काय खाऊन आले ते लपवायची सोय नव्हती. तोंडाजवळ येऊन एकदा हुंगायची आणि घराचं नावही सांगायची. बाबा म्हणायचे, हिला पोलीस खात्यात घ्यायला हवी होती. अशा बाईचं नाक जातं तेव्हा काही आवाज होत नाही. डोळा अधू झाला तर माणूस ठेचकाळतो, कान गेला तर दुसऱ्याला ओरडावं लागतं. नाकाचं तसं नसतं. ज्याचं जातं त्यालाही पत्ता लागत नाही.

तसं म्हटलं तर खूण दिसली होती. सतीश एकदा आम्हाला त्याचं ऑफिस बाहेरून दाखवायला घेऊन गेला. मआमीर गावाजवळून जाताना कारखान्यांच्या बाजूने असा काही दर्प आला, की रेवाने नाक दाबून सीटखाली डोकं घातलं. आई मात्र खिडकीची काच खाली करत म्हणाली, जरा मोकळी हवा येऊ दे. आम्ही पोट धरून हसलो. सासूबाईंचा जावयाच्या कारखान्यावर फार जीव, असं सतीश पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होता.

सायप्रसची टूम त्याचीच. सप्टेंबरात जोडून सुट्टी आली होती, विमान सरळ जात होतं. तिथे हजारो वर्षांपूर्वीचे अवशेष आहेत, समुद्र निळाशार आहे, असं तो सांगू लागला, तशी आई म्हणाली, समुद्र इथेही आहे. अवशेष म्हणशील तर इथेही वाळूत थडग्यांचे ढिगारे आहेतच. एका बेटावरून उठून दुसऱ्या बेटावर कशाला जायचं. पण बॅग भरायला तीच पहिली बसली. लोणच्याची बाटली, मेतकूट, आणि एका छोट्या स्टीलच्या डब्यात मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या. दृष्ट काढायचं सामान. लहान मूल घेऊन परमुलखात जायचं आणि हा डबा घ्यायचा नाही, हे तिच्या हिशेबात बसणारं नव्हतं.

आजही डोळे मिटले की त्या बेटाचा आधी वास येतो, मग चित्र दिसतं. आम्ही पाफोसजवळच्या एका खेड्यात घर घेतलं होतं. गाडीतून उतरले आणि उन्हात तापलेल्या रानपाल्याचा, आपल्या ओव्यासारखा वास एकदम अंगावर आला. मग अंजिराच्या झाडाचा, मग पाइनच्या चिकाचा, आणि या सगळ्यांच्या मागे खारा वारा. बहरीनच्या एसीत राहून राहून माझ्या नाकाला गंज चढला होता, तो तिथे उतरला. मी वेड्यासारखी खोल श्वास घेत होते. आई अंगणातल्या खुर्चीवर बसून पाय चोळत होती. कसं वाटतंय विचारलं तर म्हणाली, कोरडी हवा आहे, गुडघ्यांना बरी.

घराची मालकीण मारूला शेजारीच राहायची. आईहून थोडी मोठी असेल, काळे कपडे, कमरेला एप्रन, हातात सतत काहीतरी सोललेलं नाहीतर निवडलेलं. आईने पहिल्या दिवशीच तिची माळूताई करून टाकली. मारूलाने रेवाचे केस कुरवाळले, काय सुंदर पोर म्हणाली आणि लगेच दोनदा थू थू केलं. आईची कळी खुलली. ह्यांच्यातही दृष्ट लागते की, असं मला म्हणाली. मारूलाच्या माडीवरच्या खिडकीत एक म्हातारा बसलेला असायचा, स्वच्छ पांढऱ्या शर्टात. रेवाने हात हलवला की तो खुर्चीतून अर्धवट उठून अदबीने मान लववायचा. भाडेकरू असेल असं मला वाटलं.

समुद्रात एक मोठा पांढरा खडक आहे. तिथे फेसातून एक देवी जन्मली म्हणतात, आणि त्या खडकाला पोहत फेऱ्या मारल्या की माणूस तरुण होतं म्हणतात. आईने विचारलं, किती फेऱ्या. सतीश म्हणाला, तीन. मग म्हणजे प्रदक्षिणाच, असं म्हणून तिने काठावरूनच हात जोडले आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. पाणी इतकं नितळ होतं, की तिच्या जोडव्यांचे ठसे उमटलेली बोटंही दिसत होती. जोडवी बाबा गेल्यावर काढलेली. लाट मागे गेली की गोटे एकमेकांवर घासून दात वाजल्यासारखा आवाज यायचा. बराच वेळ ती त्या आवाजाकडे कान देऊन उभी होती.

जुन्या शहराच्या अवशेषांत जमिनीवर रंगीत खड्यांची चित्रं आहेत. शिकारी, मोर, द्राक्षांचे घोस, मेजवानीला बसलेली माणसं. एका चित्रातल्या माणसाचा चेहराच उडून गेला होता, तिथे नुसता गिलावा. पण डोक्यावर खड्यांत लिहिलेलं त्याचं नाव शाबूत होतं. हजारो वर्षं झाली, चेहरा गेला तरी नाव टिकलं. मला तेव्हा गंमत वाटली होती. आता घरी उलटा प्रकार पाहते आहे, चेहरा समोर आहे आणि नाव निसटतंय, तेव्हा तो गिलावा आठवतो आणि वाटतं, दोन्हींतलं काय टिकलेलं बरं.

तिथून आम्ही थडगी पाहायला गेलो. समुद्राला लागून खडक खोदून जमिनीखाली घरंच्या घरं केली आहेत: पायऱ्या, चौक, चौकाभोवती खांब, आणि भिंतींत मढी ठेवायचे कोनाडे. आत पाऊल टाकलं की बाहेरचं ऊन आणि समुद्र दोन्ही एकदम बंद. आई पायऱ्या उतरून गेली आणि एका रिकाम्या कोनाड्याच्या कठड्यावर खुशाल टेकली. गार आहे गं इथे, म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की मला ते पाहवेना. मी तिला उठ म्हटलं, तर बसू दे की, कुठे जायचंय, असं म्हणाली. तेवढ्यात पलीकडून रेवाने हाक मारली. एका छोट्या कोनाड्यात ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. अगदी तिच्या मापाचा होता. आई ताडकन उठली, तिला हाताला धरून ओढत थेट गाडीपर्यंत घेऊन आली.

संध्याकाळी रेवाला ताप भरला.

मी औषध दिलं. ऊन लागलं असेल, असं सतीश म्हणाला. आई म्हणाली, ऊन बहरीनला कमी आहे का, तिथे नाही लागलं ते. मारूलाला कळलं तशी ती हातात धुपाटणं घेऊन आली. त्यात निखारे आणि वर ऑलिव्हची वाळलेली पानं. तिने रेवाच्या डोक्यावरून धूर फिरवला, पुटपुटली, स्वतःच्या छातीवर क्रूस काढला. मग आईच्या हातात जाईच्या फुलांचा एक गजरा दिला, आपल्यासारखाच दोऱ्यात ओवलेला. आईने तो घेतला, नाकाशी धरला, छान म्हणाली आणि जवळच्या ताटलीत ठेवून दिला. आयुष्यभर गजऱ्यावर जीव टाकणाऱ्या बाईने तो केसांत माळला नाही हे मला दिसलं, पण विधवापणाचं काहीतरी मनात असेल, असं मी समजले.

मारूलाची पानं तडतडून विझत आली. आई म्हणाली, पानांनी काय व्हायचंय. आणि तिने आपला डबा काढला.

द्राक्षाच्या मांडवाखाली रेवाला खुर्चीवर बसवलं, मूठ भरून ओवाळली, ‘आल्यागेल्याची, भुताखेताची, घरच्यादारच्याची’ असं सगळं म्हटलं आणि मूठ त्या धुपाटण्यात रिकामी केली. जे व्हायचं तेच झालं. मिरच्यांचा असा खकाणा उठला, की सतीश खोकत फाटकापर्यंत पळाला, मांजर भिंतीवरून पलीकडे गेलं, मारूलाने एप्रनमध्ये तोंड खुपसलं. रेवाने माझ्या ओढणीत नाक लपवलं आणि ओरडली, ‘आजी, इट स्टिंक्स.’ आई एकटी धुपाटण्यावर वाकली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खोकतही होती, पण परत परत हुंगत होती. मग ती सरळ झाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“वास नाही,” ती म्हणाली. “झोंबतंय, पण वास मुळीच नाही. पोरीला जबर लागली आहे.”

मिरच्या जळून वास आला नाही की समजायचं, दृष्ट कडक होती. हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतं. आईचा त्यावर स्वतःचा एक नियम होता, तिच्या आजीकडून आलेला. वास येईपर्यंत रोज काढायची. आला की समजायचं, उतरली. सतीश खोकता खोकता हसत होता, अहो आई, वास पार टेकडीपलीकडे गेला असेल, म्हणत होता. ती हसली नाही. आम्ही तिची समजूत घालायला खोटं बोलतोय असं तिला वाटलं. तिने रेवाला उचलून आत नेलं आणि उशाशी बसली.

आई काय म्हणाली, असं मारूलाने मला विचारलं. मी माझ्या परीने इंग्रजीत सांगितलं. ती ताटलीतल्या गजऱ्याकडे पाहत राहिली. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत, अगदी हळू, एकेक बोट मिटत बोलली.

“माझा नवरा असाच. आधी नाक. मग रस्ता. मग मी.”

मी विचारलं, ते कधी वारले. तिने वर बोट केलं. माडीच्या खिडकीत तो पांढऱ्या शर्टातला म्हातारा बसला होता. मी पाहिल्यावर तो अर्धवट उठला आणि मान लववली. रोज सकाळी हा मला विचारतो, मारूला म्हणाली, की बाई, या घराची मालकीण कुठे असते.

मला भीती वाटली. दुसऱ्या कुठल्याही शब्दात ते सांगता येणार नाही. टेकडीवर उतरतं ऊन होतं, खाली समुद्र चमकत होता, सतीश चहा ठेवायला आत गेला होता, आणि मला त्या बाईचा राग आला. परक्याच्या घरात येऊन असं बोलतात का, असं वाटलं. आणि घर तर तिचंच होतं.

रेवाचा ताप सकाळी उतरला. आईची धास्ती उतरली नाही. परतीच्या विमानात तिने रेवाचा हात सोडला नाही. बहरीनला उतरलो तेव्हा काचा अशाच घामेजल्या होत्या. तो सगळा महिना आमच्या घरात दिवेलागणीला मिरच्या जळत होत्या. आज चिमूटभर, उद्या मूठभर. वास यायचाच नाही, म्हणून मूठ वाढायची. शेजारच्यांनी तक्रार केली, स्वयंपाकघरातला अलार्म ठणाणा वाजला, इमारतीचा बांगलादेशी वॉचमन धापा टाकत वर आला आणि आईला नाक दाबून ‘अम्मा, खलास, खलास’ म्हणाला. तिने त्याचीही दृष्ट काढली. तिला दिवसरात्र एकच घोर, नातीला काहीतरी होणार आहे. धोक्याची घंटा तिने अचूक ऐकली होती. फक्त ती दुसऱ्याच्या दारात वाजते आहे, असं तिला वाटत होतं.

मी तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कॉफी, साबण, लवंग अशा बाटल्या हुंगायला दिल्या. आई प्रत्येक बाटलीला पाणी म्हणाली. झोंबणं आणि वास या दोन वेगळ्या वाटा आहेत, असं डॉक्टरांनी समजावलं. एक बंद पडली तरी दुसरी चालू राहते. कधी कधी हे पुढच्या आजाराचं पहिलं चिन्ह असतं, कधी कशाचंच नसतं, वाट पाहू. इंशाल्ला, काही नसेल. मी मनात मारूलाचं मिटलेलं पहिलं बोट पाहत होते.

मधली वर्षं बरी गेली, हेही सांगायला हवं. शुक्रवारी अरादच्या किल्ल्याजवळ समुद्राकाठी फिरायला जायचं, ओहोटीचा चिखल पाहून आईने शास्त्री नदीच्या गोष्टी सांगायच्या. मी त्या बाईला जवळजवळ विसरले होते. मग एका सप्टेंबरात आई कोथिंबीर आणायला गेली आणि परत आली नाही. वॉचमन, दुकानदार, सतीश, सगळे शोधत सुटले. ती हमरस्त्यावरच्या बस स्टॉपवर सापडली. घामाने भिजलेली, पदर नीट खोचलेला, मांडीवर पिशवी. सतीशला पाहून तिने जागा करून दिली आणि म्हणाली, बसा, देवरूखच्या गाडीला आज उशीर आहे.

त्या दिवसापासून गॅसला कुलूप आहे आणि दाराला वरची कडी. मिरच्यांचा डबा मात्र मी तिच्याकडे राहू दिला आहे. संध्याकाळी मी बाल्कनीत निखारा करून देते, ती रेवाची दृष्ट काढते. रेवा आता माझ्या खांद्याला लागते. आजीचा हात पोचावा म्हणून खाली बसते, फोन उलटा ठेवते, आणि ‘येस आजी, इट स्मेल्स, प्रॉमिस’ असं रोज सांगते. आई रोज मान हलवते. घरच्यांचं काय खरं. उद्या परत काढू.

मी रोज सकाळी तिच्या खोलीत जाते आणि काही न बोलता उभी राहते. ती ‘माधवी, चहा झाला का’ म्हणते, मग मी हलते. कधी माधवी यायला वेळ लागतो. ते क्षण कसे जातात, ते माझं मला ठाऊक. अजून एक बोट मिटायचं आहे, हे सतीशलाही मी सांगितलेलं नाही.

काल बँकेतून आले तर काच धुरकट होती आणि बाल्कनीत दोघी बसलेल्या. निखारा सतीशने पेटवून दिला होता. रेवाची झाली होती, ती उठत होती. मी पर्स काढून दारात टेकले. आईने माझ्याकडे पाहिलं, नीट, खालपासून वरपर्यंत, आणि पदर सावरला. मग रेवाला हळूच म्हणाली, “ह्या बाई फार दमलेल्या दिसतात गं. ह्यांचीही काढते.”

रेवाने माझ्याकडे पाहिलं. काही सांगू नको, असं मी तिला मानेनेच खुणावलं आणि आईसमोर पाटावर बसले. तिने मूठ भरली. माझ्या डोक्यावरून, खांद्यांवरून ती मूठ फिरली. आल्यागेल्याची, भुताखेताची, घरच्यादारच्याची. शब्द एकही चुकला नाही. मिरच्या निखाऱ्यावर पडल्या, खकाणा उठला, माझ्या डोळ्यांना धार लागली आणि त्यात काय कशाचं होतं, ते वेगळं करायची गरज उरली नाही. आई वाकली, हुंगलं, चेहरा उतरला. मग तिने मला विचारलं, भीत भीत, “तुम्हाला वास येतो का हो?”

“येतो,” मी म्हटलं. “खूप येतो.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने सुस्कारा सोडला आणि डब्याचं झाकण लावलं.

“मग उतरली,” ती म्हणाली. “घरची माणसं माझं मन राखायला सांगतात हो. तुम्ही परक्या. तुम्ही कशाला खोटं बोलाल?”